पालथे दिवस

यशोदाबाईंच्या उजव्या डोळ्याच्या पडद्याला मधोमध भोक पडलं होतं. समोरच्या माणसाचे कान दिसायचे, चेहरा गायब. ऑपरेशन झालं, डोळ्यात गॅस भरला, आणि डॉक्टरांनी बजावलं, पंधरा दिवस मान खाली. वर केली तर भोक बुजणार नाही.

नाशिकरोडच्या दोन खोल्यांत त्या उशीच्या कडेला कपाळ टेकून फरशीकडे बघत बसू लागल्या. एकलहऱ्याच्या वीज केंद्राची राख कितीही पुसली तरी फरशीवर बसायचीच. जगात पाय तेवढे उरले होते: सून तृप्तीचे, शेजारच्या लताबाईंचे. तेही डाव्या डोळ्याने. उजव्यातून नुसतं हलतं पाणी.

पाचव्या सकाळी त्या पाण्यात दोन पाय उभे राहिले. अनवाणी, नखं मोजून घ्यावीत इतके स्वच्छ. डाव्या पावलावर भाजल्याचा डाग. वीज केंद्रात कामावर असताना गरम राख पडून त्यांच्या मुलाचा, मनोजचा पाय भाजला होता, नेमका तिथेच. यशोदाबाईंनी उजवा डोळा मिटला. फरशी रिकामी.

मनोज त्यांचा एकुलता एक. तीन वर्षांपूर्वी शब्दाने शब्द वाढला, त्यांनी त्याला दार दाखवलं आणि तो गेला तो गेलाच. ना चिठ्ठी, ना फोन. तृप्ती मात्र राहिली. सासूचं सगळं करायची, बोलायची कामापुरतं.

तपासणीत डॉक्टर म्हणाले, भोक बुजताना पडदा ओढला जातो, वस्तू वाकड्या दिसतील. पण गॅस असेपर्यंत स्पष्ट काही दिसायचं नाही. यशोदाबाईंनी पायांचा विषय काढला नाही. पोरगा रोज येत होता, त्यांना तेवढं पुष्कळ होतं.

अकराव्या दिवशी त्या पायांशेजारी आणखी दोन पाय होते. जोडवी, टाचेला भेग. तृप्तीचे. आणि तृप्ती तर आत भांडी विसळत होती.

 मनोज परत आलाच नव्हता, तो या जगातच उरला नव्हता, हे यशोदाबाईंना तेव्हा कळलं.

त्याच दिवशी सुरगाण्याला तृप्तीच्या भावाचा साखरपुडा होता. सुरगाण्याची जीप खाली येऊन थांबली होती.

"आज जाऊ नको," त्या फरशीकडे बघत म्हणाल्या.

"का?"

"घाट आहे. माझं मन खातंय."

"पोटच्या पोराला एकदा असं म्हणाला असता तर," तृप्ती शांतपणे म्हणाली.

यशोदाबाईंनी मान वर केली. डोळा गेला तर जाऊ दे.

"मान खाली घाला, आई. लताबाई येतील जेवण घेऊन."

चपला जिना उतरल्या. जीप निघून गेली.

त्यांनी कपाळ टेकलं, डावा डोळा हाताने झाकला.

चारही पाय तिथेच होते. तृप्तीच्या पावलांना आता घोट्यापर्यंत हळद लागली होती, सवाष्णीला तिरडीवर लावतात तशी.