खेजडीखालचा चेहरा

"उडाला ना! तुम्हीच उडवलात त्याला!"

रामनिवास बागेतल्या पिंपळाखाली विनया हातात ब्रश धरून चिडून उभी होती. कागदावर हरियाल पक्षी अर्धाच उतरला होता... आणि समोर होता सायकलची घंटी वाजवत आलेला एक उंच तरुण.

"माफ करा... पण मराठी? जयपुरात?"

"का? बंदी आहे?"

तो मोकळेपणी हसला. डॉक्टर नीलकंठ, मूळचा वर्ध्याचा. देवीची लस टोचायला गावोगाव हिंडत होता. विनया विमा कचेरीत बदलून आलेल्या वसंतरावांची मुलगी. साताऱ्यात कोळशाने ओसरीवर झाडं काढत मोठी झालेली... आणि अजूनही झाडं, पाखरं यांपलीकडे काही न काढणारी.

"माणसं का नाही काढत?"

"माणसं तोंडं वाकडी करतात. झाडं नाही करत."

"मग मला एक झाडच काढून द्या," तो एकदम गंभीर झाला. "बस्सी गावाच्या बाजूला देवीची साथ आली आहे. आमची पत्रकं कुणाला वाचता येत नाहीत. सुई दिसली की बायका पोरं लपवतात."

विनयाने मोठी खेजडी, म्हणजे तिकडची शमी, रंगवली. फांद्यांवर बुलबुल, खाली खेळणारी मुलं... अगदी लहान, पाठमोरी. प्रत्येकाच्या दंडावर लशीची खूण. दोघं गावाकडे निघण्याआधी नीलकंठने तिलाच लस टोचली.

"दुखलं?"

"नाही. पण हात सोडलात तर बरं होईल..."

त्याने सोडला. जरा उशिराच.

वैशाखातल्या धुळीत जीप गावात शिरली. विनयाने चित्र भिंतीला टांगलं, तशा घुंगटाआडून बायका जवळ आल्या. कुणी बुलबुल ओळखला, कुणी हसली. काही मुलांना लस टोचून झाली. गोमती नावाची बाई मात्र मुलीला पदराखाली घेऊन दुरूनच बघत राहिली. तिचा धाकटा घरात तापाने फणफणला होता. अंगभर फोड होते. "माता आली आहे, सुई लावली तर कोपेल," एवढंच ती म्हणाली.

आठवड्याने दोघं पुन्हा त्या गावी गेले, तेव्हा गोमतीचं ते पोर गेलं होतं. ओसरीवर पांढऱ्या कापडात ठेवलं होतं. नीलकंठ दारातच थांबला. गोमतीने मात्र विनयाचा हात धरला.

"म्हारा लाला की सूरत मांड द्यो, बाईजी. फोटू कोनै म्हारै कनै..."

तिला पोराचा चेहरा काढून हवा होता; तिच्याकडे त्याचा एकही फोटो नव्हता. विनयाने हात मागे घेतला.

"मला... मला माणसं काढता येत नाहीत."

"तर मग नका काढू," नीलकंठ हळूच म्हणाला. "कुणी तुम्हाला दोष देणार नाही."

ती मातीत बसली. फोडांनी झाकलेला तो चेहरा तिने कितीतरी वेळ नुसता पाहिला... मग कागद आणि कोळसा घेतला. फोडांखाली दबलेले गाल, रुंद कपाळ, किंचित उघडे ओठ शोधत राहिली. अडलं की गोमती सांगायची, "हसला की इथे खळी पडायची." विनयाने खळी काढली. फोड एकही काढला नाही.

गोमतीने चित्र छातीशी धरलं आणि हंबरडा फोडला. बऱ्याच वेळाने ती उठली. मुलीला पुढे आणलं, तिची बाही वर सरकवली आणि डॉक्टरसमोर तिचा दंड धरला. मागे उभ्या असलेल्या बायका एकेक करून पुढे सरकल्या.

परतताना जीप विहिरीपाशी थांबली. नीलकंठ विनयाच्या हातांवर पाणी ओतत होता. बोटांवरचा कोळसा निघून गेला.

"पोर आजारी पडण्याआधीच मी आलो असतो तर..." तो म्हणाला.

"मलाही तेच वाटतं."

तो काही बोलू पाहत होता. पुन्हा पाणी ओतू लागला.

"बोला ना."

"आज नको, विनया. ही काय वेळ आहे? एक पोर गेलंय..."

"मग कधी?" तिने डोळे वर केले. "उद्या दुसरं गाव आहे. तिथेही कुणाचं तरी जाईल. बोलायचं असेल तर आजच बोला."

वाऱ्याने धूळ उठली. नीलकंठने रिकामी बादली खाली ठेवली.

"माझ्याबरोबर राहाल? अशाच दिवसांत... असे दिवस खूप येतील."

विनयाने ओले हात त्याच्या हातात दिले. दोघंही रडत होते.

"राहीन," ती म्हणाली. "चला आता. अंधाराच्या आत पोचायला हवं. उद्याचं चित्र काढायचंय."