सहाला उठव

दिवा असू दे जरासा. माझ्या भाचीच्या वर्गातल्या पोरीच्या बाबतीत घडलेलं आहे, म्हणून खात्रीने सांगतो.

पोरगी खोली घेऊन एकटी राहायची. दिवसा कॉलेज, संध्याकाळी पुस्तकं बांधायच्या कारखान्यात पानांच्या घड्या घालायचं काम. तुमच्यासारखी गजर बंद करून पांघरूण ओढणारी नव्हती ती. पण दमलेलं शरीर कुणाचं ऐकतंय? एक पेपर झोपेपायी बुडाला होता. दुसरा बुडाला तर वर्ष जाणार, आणि वर्ष गेलं की शिक्षण बंद, असं बापाने फोनवर बजावलं होतं. धास्तीने तिला जेवण जात नव्हतं.

मार्चमधला गुरुवार. सकाळी आठला पेपर, आणि मालकाने नेमकं त्याच रात्री थांबवून घेतलं. काम संपायला तीन वाजून दहा मिनिटं झाली. बाकीच्या बायका मालकाच्या गाडीतून गेल्या. हिच्या वाटेची पहिली बस साडेपाचला, पुढची थेट सातला. फोन बंद पडलेला. कोपऱ्यात एक मावशी मान खाली घालून घड्या घालत होत्या. नवीन असतील, असं तिला वाटलं.

"मावशी, पाचला उठवाल का? पेपर आहे माझा."

"उठवते की. मग तू मला सहाला उठवशील?"

झोपेच्या भरात ती "हो" म्हणाली आणि गठ्ठ्यावर आडवी झाली.

बरोब्बर पाचला खांद्यावर हात पडला. गार... मावशी तिच्याच जागी निजल्या.

हिने वही उघडली, तेव्हा बस आठवली. सहापर्यंत थांबणं शक्यच नव्हतं. तिला फार वाईट वाटलं. जाताना गेटवर रखवालदाराला सांगितलं, कोपऱ्यातल्या मावशींना सहाला उठवा.

तो खुर्चीतून उठला.

"तिथे कुणी बसत नाही, ताई. मागच्या वर्षी एक बाई तिथे झोपली, ती झोपेतच गेली... कुणी उठवलंच नाही तिला."

ती धावत सुटली. पेपर दिला. चांगला गेला. त्या रात्री कामावर गेली नाही. आतून कडी लावली. झोपली.

जाग आली...

सहा वाजून दहा मिनिटं.

कडी तशीच.

शेजारी दुसरं अंथरूण घातलेलं. उशीत डोक्याएवढा खड्डा... गार.

तिच्या खोलीत दुसरी उशी नव्हतीच.