राजसला मारू नकोस

"अरारारा! या बाईला कोनीतरी वाचवा, न्हाईतर बुडून मरती ही!"

काउंटरपलीकडून आवाज आला आणि आकांक्षाचा हात झेरॉक्स मशीनवर तसाच थांबला. दुकानात एकच गिऱ्हाईक होतं. सातबाराच्या तीन प्रती काढायला आलेला, उंचनिंच, कोपरापर्यंत पिवळ्या हातांचा एक तरुण. तो मान तिरकी करून तिच्या कॉम्प्युटरचा पडदा वाचत होता, आणि तेही अगदी निवांत.

"कोणत्या बाईला?" तिनं भुवया उंचावल्या.

"ही काय, राजसबाई. ऐन श्रावणात पैनगंगेत घोडा घालून राहिली! श्रावणात पैनगंगेला उतार आसतो व्हय? घोडा सोडा, हत्ती वाहून जाईल."

आकांक्षानं झटकन पडदा झाकला. पण उशीर झाला होता. त्या तरुणाच्या कपाळावर आठी आली, मग आठीचं हसू झालं.

"थांबा थांबा… राजसबाई म्हंजे 'पैनगंगेची राजस'. मी वाचतो ती मोबाईलवर. दर रविवारी संध्याकाळी सातला भाग येतो. आज बुधवार, अन् हा भाग तर आजून आलाच न्हाई…" त्यानं डोळे मोठे केले. "म्हंजे ती गोष्ट लिवनारी नीलांबरी तुमी?"

"हळू बोला ना!" आकांक्षानं दाराकडं पाहिलं.

बावीस भाग राजसबाई निजामाच्या शिपायांच्या हाताला लागली नव्हती. तिची लेखिका मात्र दीड मिनिटात सापडली.

आता हे खरं, की कुरुंद्यात कुणालाच ही गोष्ट ठाऊक नव्हती. जळबांची लेक आकांक्षा दिवसभर लोकांचे ऑनलाईन फॉर्म भरते, झेरॉक्स काढते, पोरगी गुणाची आहे, इतकंच गावाला माहीत. फॉर्म नसले की ही पोरगी निजामाच्या राजवटीच्या शेवटच्या वर्षात जाते, आणि सीमेपलीकडच्या स्वातंत्र्यसैनिकांच्या छावणीला चोरून निरोप पोचवणाऱ्या राजसबाईबरोबर डोंगरदऱ्या तुडवते, हे तिच्या आईलासुद्धा माहीत नव्हतं. वाचणारे अकरा हजार होते. त्यातला एक आज पिवळे हात घेऊन समोर उभा होता.

"कोणाला सांगू नका," ती म्हणाली.

"न्हाई सांगत. पण फुकट न्हाई," तो म्हणाला. "दर भाग एक दिवस आधी वाचायला पायजे. शनिवारी."

"अन् नाही दिला तर?"

"तर मी काय बोलनार? निजामाचा शिपाई थोडाच हाव मी." त्यानं झेरॉक्स उचलल्या आणि दारात वळून पाहिलं. "पण राजसबाईला श्रावणात नदीत घालू नका, बरं का. चैत्रात घाला. तवा उतार आसतो."

त्याचं नाव हरीश राठोड. शिरड शहापूरजवळच्या तांड्यावरचा. रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेला, आणि नोकरी लागेपर्यंत गावोगावी हळद शिजवायचा कुकर फिरवणारा. त्याच्या आजोबांचे, म्हणजे पुनमचंद आजोबांचे, वडील बैलांच्या पाठीवर मीठ लादून पैनगंगेपलीकडं वऱ्हाडात जायचे. त्यामुळं कोणत्या महिन्यात नदीला कुठं उतार असतो, ती कुठं पायी ओलांडता येते, हे त्या घरात पाढ्यासारखं पाठ होतं.

ही माहिती आकांक्षाला कुठून कळली म्हणता? तिनं काढली. हेरकथा लिहिणारी बाई, एवढं तर तिला येणारच.

पुढच्याच आठवड्यात कुकर जळबांच्या शेतात आला. वाफ फुसफुसत होती, शिजल्या हळदीचा उग्र-गोड वास सगळ्या शिवारात भरला होता. आकांक्षा बापाचा डबा घेऊन गेली. एरवी डबा आई नेते, पण त्या दिवशी आकांक्षाला आईच्या गुडघ्यांची फार काळजी वाटायला लागली होती.

"भाग आणला का?" हरीशनं कुकरचा कॉक फिरवत, तिच्याकडं न बघता विचारलं.

"डब्याच्या पिशवीत. खालच्या बाजूला."

"शाब्बास. राजसबाईच्या तालमीत तयार झालात तुमी."

त्यानं तो कागद वाफेच्या आडोशाला उभं राहून वाचला. ती बघत राहिली… वाचताना त्याचे ओठ किंचित हलायचे. एका जागी तो हसला, एका जागी थांबला, आणि मग मान हलवली.

"काय झालं?"

"राजसबाईनं चुन्याच्या पान्यानं चिठ्ठी लिवली. पलीकडचा यशवंता त्यावर हळद फासतो अन् अक्षरं लाल होतात. आयडिया लई भारी. पण पकडली जाईल हो बाई."

"काहून?"

"चुना वाळला की कागदावर पांढरा दिसतो. आंधळ्या शिपायाला बी कळल. अन् चार दिवस हवेत राहिला की त्याचा जोर मरतो, हळद लालच व्हनार न्हाई."

आकांक्षाचा चेहरा पडला. तो भाग तिचा सगळ्यात लाडका होता. "मग तुम्हीच सांगा कशानं लिहायचं! लई शास्त्र शिकलात ना?"

"सापडलं की सांगतो," तो म्हणाला, आणि मग आवाज खाली आणून, "चिडल्यावर तुमी राजसबाईवानीच दिसता."

"तुम्ही कुठं पाहिली राजसबाई?"

"आता पाहून राहिलो ना…"

कुकरनं त्याच वेळी जोरात फुस्स केलं म्हणून बरं. त्या वाफेआड आकांक्षाला डबा उचलून बापाकडं पळता आलं.

मग शनिवार येत गेले. एक भाग झेरॉक्सच्या गठ्ठ्यात गेला, एक जवळा बाजारच्या आठवडी बाजारात भेंडीच्या पिशवीतून. 'तुमी'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. हरीश चुका काढायचा, ती भांडायची, आणि रात्री नाही तर दुसऱ्या दिवशी दुपारी तो म्हणेल तसं बदलायची. राजसबाईचा यशवंता आधी गोरा आणि घाऱ्या डोळ्यांचा होता. सव्विसाव्या भागापर्यंत तो सावळा झाला, उंच झाला, आणि वाचताना त्याचे ओठ हलायला लागले. अकरा हजार वाचकांतल्या कुणाच्याही हे लक्षात आलं नाही. एकाच्या आलं असावं.

आणि मग हरीशला सांगलीच्या एका मसाल्याच्या कारखान्यात, तपासणीच्या लॅबमध्ये नोकरी लागली. सोमवारी हजर व्हायचं. रविवारी संध्याकाळी साडेपाचला कुरुंदा पाटीच्या थांब्यावरून नांदेडची एसटी, तिथून पुढं.

"चांगलं झालं की," आकांक्षा म्हणाली. तिला वाटलं होतं त्यापेक्षा बारीक आवाज निघाला.

"व्हय. चांगलंच झालं," तो म्हणाला, आणि कितीतरी वेळ चपलेच्या टोकानं माती उकरत राहिला.

त्या शनिवारी तिनं त्याला शेवटचा भाग दिला, पण अर्धाच. राजसबाई नदीकाठी उभी, पाठीमागं शिपाई, आणि पलीकडं यशवंता आहे की नाही ते धुक्यात दिसत नाही. कागदाच्या मागं आकांक्षानं पेननं लिहिलं होतं : 'हिचं पुढं काय करायचं? पलीकडं कुणी नसेल तर मी हिला उद्याच्या भागात मारून टाकते. नीट विचार करून सांग. फक्त हिच्याबद्दल विचारत नाही मी.'

एवढं लिहायला तिला तीन दिवस लागले होते. आता याहून स्पष्ट बाईमाणसानं काय लिहायचं असतं?

रविवारी दुपारी हरीश निरोप घ्यायला घरी आला. जळबा नुकतीच अंघोळ करून, पांढरा सदरा घालून वसमतला लग्नाला निघाले होते. हरीश त्यांच्या पाया पडला, आणि खिशातून घडी केलेला कागद काढून त्यांच्यासमोरच आकांक्षाकडं धरला. मधेच जळबांनी तो घेतला. उलगडला. जळबांनी कागद उलटा केला, सुलटा केला.

"कोरा कागद काहून देऊन राहिला बाबा?"

"दुकानातून जास्तीचा आला व्हता काका. परत करतो." मग तो आकांक्षाकडं वळला. "माल चांगला हाय का, घरच्या मालावर तपासून बघ."

आणि गेला. गल्लीच्या वळणावर त्यानं एकदा मागं पाहिलं, पण आकांक्षाला काही दिसलं नाही. डोळे भरून आले होते.

कोरा कागद. तीन दिवस जीव ओतून विचारलेल्या प्रश्नाला कोरा कागद! नाही म्हणायला दोन अक्षरं लागतात, तीही याला जड झाली. ती तरातरा मागच्या अंगणात गेली. तिथं शिजून वाळत घातलेली हळकुंडं पसरली होती आणि जनकाबाई, तिची आई, त्यात बसून बारकी-मोठी निवडत होती. आकांक्षानं कागदाचा बोळा केला आणि हळदीत फेकून दिला. मग मोबाईल काढून बाजेवर बसली आणि लिहायला लागली. 'राजसने नदीकडे पाठ फिरवली. पलीकडे कुणीच नव्हतं…'

"आकू, आभाळ बघ!" जनकाबाई ओरडली.

पाच वाजायला आले होते आणि पश्चिमेकडून काळंकुट्ट आभाळ चालून येत होतं. चैत्रातला अवकाळी पाऊस. वर्षाची हळद उघड्यावर! मोबाईल बाजेवर टाकून आकांक्षा ताडपत्रीकडं धावली. टपोरे थेंब पडायला लागले. मायलेकींनी दोन्ही टोकं धरली, ओढली, कडेनं दगड ठेवले. जनकाबाईचे हात ओल्या हळदीनं मनगटापर्यंत माखले.

"अन् हा कागद कोनी टाकला ग मालात?" तिनं बोळा उचलला, उलगडला, आणि तिचा हात थबकला. "या मायला… हे काय व्हय?"

तिच्या पिवळ्या अंगठ्याखाली कागदावर एक लालभडक अक्षर उमटलं होतं. तिनं अंगठा सरकवला. दुसरं उमटलं.

"पापडाच्या पिठात हळद सांडली की असंच लाल व्हते," जनकाबाई म्हणाली. "पापडखार हाय हा. पापडखाराच्या पान्यानं लिवलं कोनीतरी."

पापडखार! आकांक्षा जागच्या जागी खिळली. वाळला तरी दिसत नाही, हवेत जोर मरत नाही, घरोघरी डब्यात असतो. 'सापडलं की सांगतो' म्हणाला होता. 'घरच्या मालावर तपास' म्हणाला होता, आणि घरचा माल म्हणजे हळद. बापाच्या हातातून, भर दुपारी, डोळ्यांदेखत चिठ्ठी पार करून गेला, आणि सत्तावीस भाग हेरकथा लिहिणाऱ्या या शहाणीला कळलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

"माय, दे तो कागद!"

"थांब की. मला वाचू दे." जनकाबाई सातवी शिकलेली. आडोशाला सरकून तिनं तळहात सगळ्या कागदावर फिरवला आणि एकेक अक्षर लावत, गावभर ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं. "रा-ज-स-ला… मारू नकोस. प-ली-कडं मी हाय. पयल्या दिवसापासून हाय. साडे-पाचच्या आदी… पाटीवर ये. तोंडानं सांगायचं हाय. हरीश."

पाऊस ताडपत्रीवर ताडताड वाजत होता. आकांक्षानं मान खाली घातली.

"ही राजस कोन?" जनकाबाईनं विचारलं.

"माझ्या गोष्टीतली. मी… मी गोष्ट लिहिते माय. मोबाईलवर."

"अन् हा हरीश? तो बी गोष्टीतलाच का?"

"नाही," आकांक्षा म्हणाली. तिनं मान वर केली. "तो खरा आहे. अन् मला तो आवडतो."

जनकाबाईनं हातातला कागद पुन्हा एकदा पाहिला. मग तिनं पदरानं कागदाचं पाणी टिपलं आणि घडी करून लेकीच्या हातात दिला.

"त्याला म्हनाव, असं चोरून न्हाई चालनार. पुनमचंद आजोबाला अन् आईबापाला घिऊन ये. बाबासाहेबांच्या फोटोखाली बसायचं अन् समद्यांसमोर बोलायचं. तुझ्या बापाला मी बघते. आता जा! सव्वापाच झाले!"

बाजेवरचा मोबाईल पुसून आकांक्षानं पिशवीत टाकला. स्कूटीला तीनदा किक मारावी लागली. हमरस्त्यावरच्या कुरुंदा पाटीवर आकांक्षा पोचली तेव्हा ती नखशिखांत भिजली होती. थांब्याच्या पत्र्याखाली हरीश एकटाच उभा होता, बॅग पायाशी, नजर गावाच्या रस्त्यावर. तिला पाहिलं आणि त्यानं श्वास सोडला.

"वाचलीस?"

"चिठ्ठी पकडली गेली," ती धापा टाकत म्हणाली. "मायच्या हाती सापडली."

हरीशचा चेहरा कागदासारखा कोरा झाला. "मग… शिक्षा काय?"

"जन्मठेप व्हायची लक्षणं आहेत. आजोबांना अन् घरच्यांना घेऊन यायचं, अन् सगळ्यांसमोर बोलायचं."

तो हसायला लागला, आणि मग हसता हसता थांबला. लांबून एसटीचा हॉर्न ऐकू आला.

"समद्यांसमोर तर बोलीनच," तो म्हणाला. "पन आधी तुला सांगतो. आकांक्षा, मला तू लई आवडतीस. तुझ्याशी भांडल्याबगर माझा शनिवार जात न्हाई. लगीन करशील माझ्याशी?"

एवढी साधी वाक्यं. तिच्या यशवंताला तिनं याहून किती छान वाक्यं दिली होती! पण त्यातल्या एकानंही तिच्या अंगावर असा काटा आला नव्हता.

"करीन," ती म्हणाली. "पण भाग शनिवारीच मिळतील. त्याआधी नाही."

तिनं त्याचा हात धरला. तिचा हात हळदीनं पिवळा होता, आणि त्याचा तर महिनाभर होताच. एसटी आली, कंडक्टरनं दोनदा ओरडून सांगितलं तेव्हा कुठं तो चढला. पुढच्या रविवारी सगळ्यांना घेऊन येतो, असं खिडकीतून तीनदा म्हणाला.

पाऊस थांबला. आकांक्षा तिथंच पत्र्याखालच्या बाकड्यावर बसली, ओल्या पिशवीतून मोबाईल काढला, 'पलीकडे कुणीच नव्हतं' हे वाक्य पुसून टाकलं आणि शेवटचा भाग नव्यानं लिहिला. बरोबर सातला तो अकरा हजार लोकांपर्यंत पोचला. त्यात राजसबाई पैनगंगा पार करते. घोड्यावरून नाही. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून, पायी, एकेक पाऊल चाचपत. महिना चैत्राचा असतो. आणि पलीकडच्या काठावर एक सावळा, उंच माणूस गुडघाभर पाण्यात उतरून हात पुढं करून उभा असतो.

सात वाजून नऊ मिनिटांनी पहिला अभिप्राय आला. नांदेडच्या रस्त्यावरच्या एसटीतून.

'चैत्रात उतार आसतो. आता बराबर हाय.'