मडक्यांखालची दुपार

"चपला काढा आधी!" मी जिन्याच्या तोंडाशीच ओरडले.

गच्चीवर एक परका माणूस माझ्या वाळत घातलेल्या पापडांना खेटून उभा होता. बिचाऱ्यानं मुकाट चपला काढल्या… आणि लगेच एका पायावर नाचायला लागला. एप्रिलमधली भिवंडीची दुपार, आणि पायाखाली सिमेंटचा स्लॅब! मी हसत हसत जिन्यातच बसले.

"हसताय काय?" तो उड्या मारतच म्हणाला. "मी हाऊसिंग बोर्डाचा ओव्हरसियर, प्रभाकर. स्लॅब किती तापतो ते बघायला आलोय."

"मंग बगितलात ना? आता घाला चपला."

तो वरमला, मग तोही हसला. हसताना त्याचा एक गाल खोल जायचा… हे मी तेव्हाच पाहून घेतलं, उगाच खोटं कशाला बोलू!

बोर्डाच्या त्या जुन्या बिल्डिंगीत आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहायचो. बाची लूमवर, कापडाच्या मागावर, रात्रपाळी. दिवसा झोपायचं, तर डोक्यावर स्लॅब पेटलेला आणि वीजकपातीनं पंखा बंद. ओला पंचा अंगावर घेऊन बा नुसता तळमळायचा. परवाच त्याला लूमवर डुलकी लागली आणि हात पट्ट्यात जाता जाता वाचला. तेव्हा आईनं ठरवून टाकलं… मे संपला की अंजूरला, गावी परत. तिथं मामाचा दामू माझ्यासाठी ठरल्यातच जमा होता. दामू वाईट नव्हता हो. पण त्याच्यासाठी मी कधी आरशात बघितलं नव्हतं.

प्रभाकर मग रोज यायला लागला. मी दारात बसून लूमसाठी सुताच्या कांड्या भरायची, आणि तो जिन्यात थांबून सांगायचा, "गच्चीभर मडकी उपडी मांडायची. त्यावर चुना-विटांचा थर, वर पांढरी सफेदी. मडक्यांत हवा कोंडलेली राहते, ती ऊन खाली उतरू देत नाही. आणि खोलीत छतालगत झरोके पाडायचे, म्हणजे तापलेली हवा बाहेर."

"आनि वीज?"

"लागतच नाही!"

मी आ वासून ऐकत राहायची. मडक्यांचं नवल जास्त की सांगणाऱ्याचं, कोण जाणे.

पण मडक्यांच्या गाड्या आल्या आणि बिल्डिंगीतल्या बायका खवळल्या. शेजारची हौसाकाकू पदर खोचून पुढे झाली. "डोक्यावर रिकामी मडकी उपडी? कोन मेलंय का आमच्यात?"

"अहो काकू, विज्ञान असं सांगतं की…"

"तुमचं इग्यान तुमच्या घरी मांडा!"

प्रभाकर माझ्या दाराशी येऊन बसला. पार उतरलेला चेहरा. "राहणाऱ्यांचीच हरकत असेल तर काम रद्द होईल, गोदू. माझ्या डोक्यातच आलं नाही हे."

आत बा कूस बदलत होता, कण्हत होता. बाची झोप गेली, म्हणजे हे घर गेलं. आणि घर गेलं, म्हणजे… हा समोरचा माणूसही गेला.

आणि मला एकदम सुचलं. "परवा अखिती हाय!"

"मग?"

"मडकी परत धाडू नका. भरा!"

अखितीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, नवं मडकं पाण्यानं भरायचं, पितरांच्या नावानं कुणा तहानलेल्याला पाजायचं, ही आमची रीत. त्या दिवशी घराघरानं मडकी भरली, हळदकुंकू लावलं. लूमवरून सुटलेले कामगार रांगेनं थांबले. "पिला दे बहन, बडी धूप है," म्हणत ओंजळी पुढे करत होते. प्रभाकर बाह्या सरसावून नळावरून पाणी वाहत होता. हौसाकाकूनं मेलेल्या सासूचं नाव घेऊन एका म्हाताऱ्याला पाणी पाजलं आणि डोळ्यांना पदर लावला.

उन्हं कलल्यावर ती म्हणाली, "आता ही रिकामी न्हाईत. पितर पिऊन गेलं. मांडा वर, सावली धरतील आपल्यावर."

काम पुरं झालं तेव्हा मे महिना अगदी भाजून काढत होता. मी कांड्या पोचवून भर दुपारी घरी आले, दारात पाऊल टाकलं आणि थबकलेच. बाहेर आग, आणि आत… देवळाच्या गाभाऱ्यासारखं गार! पंखा बंदच होता. कापसाचा एक तंतू हवेत तरंगत, हळूहळू वर चढत झरोक्यातून बाहेर गेला. आई कोपऱ्यात हात जोडून बसली होती. आणि बा झोपला होता. तोंड उघडं, पंचा कोरडा, चक्क घोरत! माझ्या अंगावर सरसरून काटा आला. ऊन तेच, भिंती त्याच, आणि कुणीतरी नुसत्या मातीनं आणि हवेनं माझ्या बाला झोप आणून दिली होती.

दारात सावली पडली. प्रभाकर… इस्त्रीचा शर्ट, चापून बसवलेला भांग.

"काम बगायला आलात?" मी कुजबुजले.

"तुळशीरामकाकांना भेटायचंय."

"झोपलाय बा."

"खरंच?" त्यानं आत डोकावलं. बराच वेळ तो बघत राहिला. वळला तेव्हा त्याचे डोळे भरले होते.

"उठवू?"

"छे! अजिबात नाही." मग कानाच्या पाळ्या लाल करत तो म्हणाला, "तुम्हाला… मागणी घालायला आलोय. आमची आई आधी रुसली होती. आता म्हणते, बघू तरी कोण आहे ती."

"बा न्हाय म्हनला तर?"

"तरी मडकी काढून नेणार नाही. शपथ!" त्यानं भांगावरून हात फिरवला. "पण… तुम्ही काय म्हणता?"

"मी हो म्हनते," मी म्हटलं. "आजपासून न्हाय, कदीपासून."

त्याचा गाल खोल गेला. आत बोललो तर बा जागा होईल म्हणून आम्ही बाहेर, तापलेल्या जिन्यात बसलो. त्याच्या इस्त्रीच्या शर्टाचं घामानं पार पोतेरं झालं.

"कवा उठंल सांगता येत न्हाय," मी म्हटलं. "लई दिवसांची झोप हाय त्याची."

"झोपू दे. मी बसतो."

आत बा घोरत होता. आमचं लग्न त्या घोरण्यापाशी अडून बसलं होतं, आणि आम्हाला दोघांनाही जराही घाई नव्हती.