जस्ताच्या बादलीतला मोरचूद

एकसष्ट साली धर्मपाल आमच्या हिवरखेडच्या अंगणात आला तो मला बघायला नव्हे, ज्वारीची काणी घालवायला. शेती खात्यात नवाच लागलेला, अकोल्याहून आलेला. "बियाणं मोरचुदाच्या पाण्यात भिजवलं की कणसात काळी भुकटी होत नाही," तो बाबांना सांगत होता... आणि बघत होता माझ्याकडे.

"एखादं मडकं मिळन काय?"

मी आईची नवीकोरी जस्ताची बादली दिली.

तो बादलीकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. मग त्यानं मोरचुदाचे निळे खडे पाण्यात सोडले, वर ज्वारी ओतली.

"नाव काय तुमचं?"

"पंचफुला. तुमी ज्वारीकडं पाहा."

"पाहूनच राहिलो."

"ज्वारी खाली हाय."

गडबडून त्यानं ढवळायला विळा उचलला. बाहेर काढला, तर पातं लाल — तांब्याचं! आई किंचाळली. तिनं ते चिंचेनं खसाखसा घासलं. ते आणखीच चकाकलं. घटकाभरात अख्खी गल्ली कुदळी, कुलपं घेऊन हजर. शेजारच्या तानुबाईनं तर दाराची कडी उपटून आणली.

"सायेब, आमचंबी तांबं करून द्या!"

"तांबं नाही हो... मोरचुदातलं तांबं वर बसते अन् लोखंड पाण्यात जाते. नुसता पापुद्रा हाय!"

तेवढ्यात बादलीचं बूड सुटलं. ज्वारी अंगणभर.

बाबा उठले. "मोरचूद जस्त खाते, हे सायबाले ठाऊक नव्हतं? उद्याच अकोल्याले जाऊन तुह्या मोठ्या सायबाले सांगतो."

म्हणजे नोकरी गेली. मग हिवरखेडला पुन्हा कोण येतं...

"त्यायनं मडकंच मांगतलं होतं!" मी ओरडले. "बादली मी देल्ली. माह्यं ध्यान नव्हतं."

"कुठं होतं ध्यान?" आई म्हणाली.

मी बोटानं दाखवलं. बोट धर्मपालवर. आईचा जबडा उघडा तो उघडाच.

"मले ठाऊक होतं," धर्मपाल एकदम म्हणाला. "जस्ताच्या भांड्यात मोरचूद टाकू नये, हे पहिल्याच दिवशी शिकवतात."

"मंग काहून टाकला?" बाबा.

"त्यायनं... देल्ली होती ना."

तानुबाईच्या हातून कडी पडली. बाबांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"बापाचं नाव?"

"देवमन."

"गाव?"

त्यानं सांगितलं.

"अन् मामा कुठले?"

धर्मपाल पांढराफटक. "तक्रारीले मामाचं गाव कायले लागते?" त्यानं मला हळूच विचारलं.

"मोठी तक्रार हाय," मी म्हणाले. "जनमभर चालन."