अर्धी राहिलेली नदी

आपल्या पोराचं, अनंताचं, हे वागणं राहीबाईला मुळीच पटत नव्हतं. गावची निवडणूक काय, आज हरला तर पुढच्या खेपेला जिंकेल. पण दोन गाळ्यांत कापडाचे लूम चालवणारा कर्ता गडी दिवसभर गादीवर पडून पुस्तक वाचतो, हे अख्ख्या अंजूर गावात कुणी बघितलं होतं का? तेही धामणकर नाक्यावरच्या रद्दीतून उचललेलं. कुणा परदेशी पुढाऱ्याची खरी हकिकत. निवडणूक हरला आणि नकाशात नसलेल्या जंगली नदीत होड्या घालून निघाला.

"हरलेला माणूस कामाला लागतो रे," राहीबाई म्हणाली. "नदीत मरायला कशाला जाईल?"

अनंतानं पान उलटलं.

मग त्याच्या अंगाला वास येऊ लागला. खाडीचा नव्हे, तो तिच्या नाकात जन्मापासूनचा. हा गोड्या पाण्याचा, कुजलेल्या पाल्याचा. गादी उचलली तर खाली ओल. आणि एका सकाळी, उंबरठाही न ओलांडलेल्या पोराच्या नडगीवर खोल जखम. ताप चढला. डॉक्टरनं सुई टोचली, आणि "कुठं आपटला?" म्हणून दोनदा विचारलं.

सून मृणालीनं पुस्तक चाळलं आणि एका पानावर बोट ठेवलं.

"आई, यातल्या पुढाऱ्याचा पायही असाच चिरलाय, होडी सोडवताना. तापात तो सोबत्यांना सांगतो..."

"मला इथंच सोडा," आतून अनंता म्हणाला. "तुम्ही पुढं व्हा."

मृणालीनं पुस्तकाकडं बघितलं. तेच शब्द होते.

राहीबाईनं ते तिच्या हातून हिसकावलं.

"थांबा आई! शेवट राहिलाय. अजून ती माणसं नदीतच आहेत. तुम्हीच म्हणता ना, वाचायला घेतलेली पोथी अर्धी टाकू नये?"

"पोथी हाय व्हय ही? मेलं रद्दीतलं बाड! पाण्याचं पाण्याला दिलं की सुटलं."

कोऱ्या फडक्यात नारळासकट बांधून तिनं ते भर दुपारी ओहोटीला खाडीत सोडलं. पाणी समुद्राकडं ओढत होतं. गाठोडं मात्र वरच्या अंगाला वळलं आणि सावकाश, कुणी वल्हवत न्यावं तसं, दिसेनासं झालं. रीतीप्रमाणे मागं न बघता ती घरी आली.

अनंता ताटावर बसला होता. ताप उतरलेला. मृणाली डोळे पुसत हसत होती. आत गादी ठणठणीत कोरडी.

राहीबाई भात वाढायला वाकली.

नडगी गुळगुळीत होती.

लहानपणी खाडीत कालवं काढताना त्याच्या पायाचा अंगठा कापला होता. तिनंच हळद दाबली होती. त्याचा वणही नव्हता.

"काय झालं?" त्यानं विचारलं. आई म्हणाला नाही.

तिनं ताट मागं ओढलं.

"दिसतोस चांगला, बोलतोस गोड. पण माझा अनंता अजून नदीत हाय. तू माझा न्हायस."