शार्कच्या रक्ताला घाई नसते

"अहो, बाजूला व्हा जरा! चावत नाही तो, पण शेपटीचा फटका देतो!"

यागोदाने मान वर करेपर्यंत टबातला शार्क उसळलाच. तिचा पांढरा कोट खाऱ्या पाण्याने चिंब! टब धरून उभा होता कोमिझा बंदरातला होडीवाला शिमे. तो असा काही हसला की तिचं रागवायचं राहूनच गेलं.

झाग्रेबहून ती या बेटावरच्या प्रयोगशाळेत आली होती एकाच कामासाठी. शार्कला निरुपद्रवी प्रथिन टोचायचं आणि त्याच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात का ते बघायचं. शिमेला मात्र आता रोज काही ना काही निमित्त सापडू लागलं.

"याला हाडं नाहीत म्हणे. मग रक्तातले शिपाई घडतात कुठे? आपले तर हाडांच्या मज्जेत घडतात ना?"

"तुला कसं माहीत?"

"काल वाचलं. तुझ्याशी बोलायला काहीतरी नको का?"

तिचे कान लाल झाले. "अन्ननलिकेच्या भिंतीत," ती घाईघाईने म्हणाली. "आणि याची काही प्रतिपिंडं इतकी चिवट... तापवली तरी सहजी बिघडत नाहीत."

"अगदी आमची आत्या!"

पण टोचून सहा आठवडे झाले, रक्त कोरंच. झाग्रेबहून प्राध्यापिका झोरिट्साबाईंचा फोन आला. 'सशाला दोन आठवडे पुरतात. प्रयोग बंद कर, शनिवारच्या बोटीने परत ये.' शिमेला हे सांगताना यागोदाला रडूच फुटलं.

बाहेर जुगो सुटला होता, डोकं जड करणारा दक्षिणेचा दमट वारा.

"आज काही बंदबिंद करायचं नाही," शिमे म्हणाला. "जुगोत आमच्याकडे कुणी निर्णय घेत नाही. लग्नंसुद्धा ठरवत नाहीत!"

"हे काय शास्त्र आहे, शिमे?"

"अगं, पण हा थंड पाण्यातला प्राणी, याचं सगळं सावकाश चालणार. ससा थोडाच आहे!"

ती बघतच राहिली. खरंच की! सगळा हिशेब तिने सशाच्या पंचांगाने मांडला होता. "मी ठार वेडी आहे," ती पुटपुटली. वाऱ्यामुळे बोटीही बंद झाल्या. त्या आठवड्यात तिने बाईंशी भांडून दोन महिने मागून घेतले.

जूनमधल्या एका सकाळी तपासणीच्या चिमुकल्या वाट्यांमध्ये पिवळा रंग उतरला.

"आली! शिमे, प्रतिपिंडं आली!" तिने त्याचे दोन्ही हात घट्ट धरले.

शिमे आधी हसला. मग त्याचा चेहरा पडला. "म्हणजे... काम झालं. तू जाणार."

"अजून एक राहिलंय. वर्षभराने पुन्हा तेच टोचायचं. शार्कला जुना शत्रू आठवतो का... बघायला नको?"

"बाई देतील परवानगी?"

"काल पत्र टाकलंय."

"काल? पण निकाल तर आत्ता आला!"

"हो ना," यागोदा म्हणाली. हात तिने अजून सोडले नव्हते. "लिहिलंय, निकाल काहीही येवो, मी इथेच राहणार."